वऱ्हाडचा भाडेपट्टा

५ नोव्हेंबर १९०२ रोजी अख्खा वऱ्हाड प्रांत भाड्याने गेला. मालक हैदराबादचा सहावा निजाम मीर महबूब अली खान, भाडेकरू हिंदुस्थानचं ब्रिटिश सरकार. भाडं वर्षाला २५ लाख रुपये, मुदत कायमची. जागेत तेव्हा अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी असे सहा जिल्हे होते, आणि १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे साडेसत्तावीस लाख माणसं. त्यांच्यापैकी कोणाला काही विचारावं, असं दोन्ही पक्षांच्या मनात आलं नाही. जमिनीबरोबर विहिरी, झाडं आणि कुळं जातात, तशी तीही गेली.

हा पट्टा पंचेचाळीस वर्षं चालला आणि त्यातली निम्मी वर्षं तरी भांडणात गेली. भांडण भाड्याच्या रकमेवरून नव्हतं. निजामासारख्या धन्याचं २५ लाखांवाचून अडत नव्हतं. वाद होता तो भाडेकरूच्या अधिकारांचा. भाड्याने घेतलेली जागा त्याने आपल्या शेजारच्या जागेला जोडावी का? तिच्यात तिसऱ्याला बसवावं का? आणि मूळ भाडेकरू गाशा गुंडाळून निघाला, तर आत राहिलेल्या त्या तिसऱ्याचं काय करायचं? अमरावती-अकोल्याच्या दिवाणी कोर्टांत हे प्रश्न घराच्या एका खोलीवरून किंवा दुकानाच्या गाळ्यावरून रोज येतात. इथे जागा तापीच्या खोऱ्यापासून पैनगंगेपर्यंत पसरलेली होती, एवढाच फरक.

ब्रिटिश वऱ्हाडात शिरले ते भाडेकरू म्हणून नव्हे, सावकार म्हणून. १८०३ च्या नोव्हेंबरात तेल्हाऱ्याकडच्या आडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. कंपनीने तो आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या पदरात टाकला. तोवर वऱ्हाडात भोसले आणि निजाम दोघांचीही वसुली चाले. रयतेच्या एका पिकाला दोन धनी. आता एकच धनी उरला, पण त्याच्या खर्चाने पोसायची एक फौज कंपनीने त्याच्या गळ्यात बांधली. ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे तिचं नाव. अंमलदार इंग्रज, पगार निजामाचा. एलिचपूरजवळ परतवाड्याला तिची छावणी होती. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचं बंधन कोणत्याच तहाने निजामावर घातलेलं नव्हतं, हे खुद्द लॉर्ड डलहौसीलाही कबूल होतं. तरी फौज राहिली. निजामाकडून पगार थकला की कंपनी आपल्या तिजोरीतून भरायची आणि व्याजासकट त्याच्या नावावर मांडायची. १८५३ च्या सुमारास हा आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या घरात गेला.

मग सावकाराने जागा मागितली. डलहौसीला मुलूख कायमचा तोडून हवा होता आणि पहिला मसुदा तसाच होता. निजाम नासिरुद्दौला ‘कायमचा’ या शब्दापाशी अडून बसला. रेसिडेंट कर्नल लो याने दमदाटी आणि मनधरणी दोन्ही करून पाहिल्या. शेवटी तो शब्द गाळला गेला आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख मिळून वर्षाकाठी सुमारे ५० लाखांचं उत्पन्न फौजेच्या खर्चासाठी लावून दिलं गेलं. सरकारी कागदात वऱ्हाडचं नाव पडलं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारला आणि त्याचा चोविशीतला पुतण्या दिवाण झाला. तोच सालारजंग. पुढची तीस वर्षं त्याने इतर कामं केलीच, पण वऱ्हाड परत मागणं कधी सोडलं नाही.

१८५७ च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभं राहिलं. त्याचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं. कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वर सुरपूरची भर पडली. वऱ्हाड मात्र सुटला नाही. तो इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहील, फौजेचा आणि कारभाराचा खर्च वजा जाता जे उरेल ते निजामाला मिळेल, असं ठरलं. शिवाय एक अट होती: निजामाने हिशेब मागायचा नाही. कर्ज फिटलं, गहाण सुटलं नाही आणि खातेवही सावकाराने आपल्याच कपाटात ठेवली, असा हा व्यवहार होता.

सालारजंगाचं म्हणणं साधं होतं. फौजेच्या खर्चाला तारण हवं ना? मग रोख घ्या. तेवढी ठेव ठेवायची तयारी त्याने दाखवली आणि त्यावर पत्रांमागून पत्रं पाठवली. १८७६ मध्ये तो विलायतेला गेला. वाटेत पॅरिसला घसरून पडला, पायाचं हाड मोडलं, तरी लंडन गाठलं. तिथे मेजवान्या झडल्या, मानसन्मान झाले. वऱ्हाडबद्दल उत्तर मिळालं की निजाम अज्ञान आहे, सज्ञान झाल्यावर पाहू. १८८३ मध्ये सालारजंग वारला. १८८४ मध्ये निजाम सज्ञान झाला. पाहिलं कोणीच नाही.

न पाहण्याचं कारण वऱ्हाडच्या काळ्या मातीत होतं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. अकोला, बडनेरा करत जीआयपी रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुला झाला, तेव्हा समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होता. कापसाच्या गाठी भरायला व्हाइसरॉय यावा, यावरूनच त्या गाठींचं मोल कळतं. जमिनीची मोजणी मुंबईच्या रयतवारी धर्तीवर झाली, खातेदाराला जमिनीवर हक्क मिळाला, सावकारही त्याच वाटेने गावात पोचला. कारंजाला १८८६ मध्ये कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानात बाजार समित्यांचा इतिहास सांगतात तो इथून सुरू होतो. वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. ती धरलेला हात ती सोडणार कशाला?

या सगळ्यात एक गंमत सहसा ध्यानात येत नाही. अमरावतीचा वकील, अकोल्याचा अडत्या, दर्यापूरचा खातेदार हे कोणी ब्रिटिश हिंदुस्थानचे रहिवासी नव्हतेच. भूमी निजामाची, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा आणि कायदे त्याच्या हुकमाने लागू होणारे. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं तेरावं अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला भरलं. ब्रिटिश राज्याकडे हक्क मागणारी ती सभा काटेकोर पाहिलं तर निजामाच्या हद्दीत भरली होती.

कर्झन व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा त्याला हा सगळा मामला गबाळा वाटला, आणि त्याला गबाळेपणाची चीड होती. सहा जिल्ह्यांसाठी वेगळा कमिशनर, वेगळी न्यायव्यवस्था, वेगळी खाती आणि सगळ्यांच्या वर हैदराबादला बसलेला रेसिडेंट. हा डोलारा शेजारच्या प्रांतात मिळवून टाकला तर खर्च वाचेल, हे उघड होतं. मुंबई इलाख्याचं नाव निघालं, मध्यप्रांताचंही निघालं. पण १८५३ आणि १८६० चे तह आड येत होते. विश्वस्त म्हणून सांभाळायला घेतलेली मिळकत स्वतःच्या मिळकतीत कालवता येत नाही. त्यासाठी मालकाची संमती लागते.

ती मिळवायला काळही अनुकूल होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड पार खंगला होता. निजामाला मिळायची शिल्लक आटली, उलट दुष्काळकामांचं कर्ज वऱ्हाडच्या खात्यावर चढलं आणि हैदराबाद संस्थानलाही हिंदुस्थान सरकारकडून कर्ज घ्यावं लागलं. ३० मार्च १९०२ रोजी कर्झन हैदराबादच्या रेसिडेन्सीत निजामाला खासगीत भेटला. समोर शांत, अबोल, संकोची स्वभावाचा महबूब अली. भेटीचा एकंदर सूर असा की वऱ्हाड परत मिळणं नाही, तेव्हा बेभरवशाच्या शिलकीपेक्षा बांधलेलं भाडं बरं. नोव्हेंबरात करार झाला. निजामाचं वऱ्हाडवरचं स्वामित्व पुन्हा एकदा मान्य केलं गेलं. त्याच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पूर्वजाने ज्या शब्दापायी हट्ट धरला होता तो ‘कायमचा’ आता आत आला. आणि जुन्या तहांत विरुद्ध काहीही असलं तरी ब्रिटिश सरकारने वऱ्हाडचा कारभार आपल्याला योग्य वाटेल तसा करावा, अशी मोकळीक मिळाली. कंटिंजंट फौज ब्रिटिश लष्करात जिरली. ज्या फौजेच्या पगारासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला होता तीच उरली नाही, पण तारण राहिलं.

महबूब अलीला त्यानंतर ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला. हैदराबादेतल्या टवाळांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला: ‘गेव्ह कर्झन बेरार’, कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला.

व्यवहार म्हणून पाहिलं तर निजाम फसलाच. भाडं कायमचं बांधलेलं, वाढीचं कलम नाही. त्यातूनही सुरुवातीची काही वर्षं कर्जाचे हप्ते कापून जात. कापसाचा भाव चढो, जमीनमहसूल वाढो, मालकाच्या हाती तेच २५ लाख. अमरावतीच्या एखाद्या साध्या सावकाराने गोदाम भाड्याने देतानाही याहून कडक कागद केला असता.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले: एलिचपूर अमरावतीत आलं, वाशीम अकोल्यात, वणीचा यवतमाळ झाला, बुलढाणा राहिला. नागपूर ही आता वऱ्हाडचीही राजधानी. तिथूनच एक नवी कुरबूर सुरू झाली की पैसा वऱ्हाडचा आणि खर्च नागपूरकडे. पुढे विसाच्या दशकात उत्पन्नाच्या प्रमाणात खर्चाची वाटणी करण्याचं ‘सिम सूत्र’ निघालं ते या कुरबुरीपायीच. विदर्भाच्या अनुशेषाची भाषा आपण अलीकडची समजतो. तिचं मूळ भाडेपट्ट्याच्या जोडकामात आहे.

खरा पेच मात्र निवडणुकांनी आणला. मध्यप्रांताला कायदेमंडळ मिळालं आणि १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती मंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. वऱ्हाडचे प्रतिनिधी त्या मंडळात हवेतच. पण वऱ्हाड परमुलूख! परमुलखाने ब्रिटिश कायदेमंडळात माणूस निवडून पाठवायचा कसा? यावर जी युक्ती काढली ती वकिली डोक्याचा नमुना आहे. वऱ्हाडात रीतसर मतदान घ्यायचं, जो निवडून येईल त्याचं नाव सरकारला कळवायचं आणि सरकारने त्याला ‘नियुक्त’ करायचं. मतं जनतेची, सही सरकारची. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये वऱ्हाडचे प्रतिनिधी झाले ते याच वाटेने, आणि १९२४ मध्ये यवतमाळचे बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले तेही याच वाटेने. सरकारविरुद्ध लढायला निघालेला स्वराज्य पक्षाचा माणूस, कागदावर सरकारनियुक्त.

जागेत तिसरा माणूस शिरला तो असा. तो बाहेरून आलेला नव्हता, इथलाच होता. फक्त पट्ट्यात त्याचं नाव नव्हतं. अमरावतीचे मोरोपंत जोशी १९२० मध्ये प्रांताचे गृहसदस्य झाले. त्यांच्यानंतर अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे त्या जागी आले आणि १९२९ मध्ये काही काळ त्यांनी प्रांताचं हंगामी गव्हर्नरपदही सांभाळलं. निजामाच्या मुलखातला वकील ब्रिटिश प्रांताच्या गादीवर. हैदराबादच्या राजवाड्यात हे वर्तमानपत्रात वाचताना काय वाटलं असेल ते असो. तिकडे सातवा निजाम मीर उस्मान अली खान गप्प बसलेला नव्हता.

२५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लांबलचक पत्र पाठवून वऱ्हाड परत मागितला. पत्रामागे सर अली इमाम यांची कायदेपंडिताची लेखणी होती. मुद्दे वजनदार होते. १८५३ चा तह दडपणाखाली झाला. १८६० मध्ये कर्ज फिटूनही गहाण सुटलं नाही. १९०२ मध्ये महबूब अलीपुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. शिवाय त्यात वऱ्हाडच्या लोकांना एक आमिष होतं. वऱ्हाड परत आला तर त्याला जबाबदार राज्यपद्धतीची घटना देऊ, निजामाचा प्रतिनिधी म्हणून फक्त गव्हर्नर राहील आणि अंतर्गत कारभार लोकांच्या हाती असेल. ज्याच्या स्वतःच्या राज्यात निवडून आलेल्या प्रतिनिधींपुढे जबाबदार असणारा एकही मंत्री नव्हता, त्याने हे लिहावं! वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि ठेवायचं कारणही नव्हतं. इंग्रजांविषयी त्यांना प्रेम नव्हतं, पण मालकाकडे परत जाण्यापेक्षा भाडेकरूशीच भांडत राहणं त्यांना परवडत होतं. माझ्या मते कागदाच्या बाजूने निजाम खरा होता आणि माणसांच्या बाजूने खोटा. आणि या प्रकरणात एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खरा असा पक्ष मला तरी सापडत नाही.

रीडिंगने मागणी फेटाळली. निजामाने निवाड्यासाठी आयोग नेमा म्हणून पुन्हा लिहिलं आणि परराष्ट्रीय बाबी सोडता आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत, असा सूर लावला. २७ मार्च १९२६ च्या रीडिंगच्या उत्तराने हिंदुस्थानातल्या झाडून साऱ्या संस्थानिकांची झोप उडवली. ब्रिटिश सम्राटाची सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, ती केवळ तहांवर टेकलेली नाही आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. भाडेकरू मालकाला सांगत होता की आपला करार आहे खरा, पण कोर्ट मीच आहे.

त्या पत्राने हादरलेल्या संस्थानिकांनी कज्जा पुढे चालवला. १९२७ च्या अखेरीस सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. संस्थानिकांच्या वतीने सर लेस्ली स्कॉट या नामांकित वकिलाने बाजू मांडली की आमचे तह ब्रिटिश राजमुकुटाशी आहेत आणि आमच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या कोणाच्या हवाली करता येणार नाहीत. समितीने सर्वोच्च सत्तेच्या बाबतीत संस्थानिकांना काहीच दिलं नाही, पण १९२९ च्या अहवालात हा एक मुद्दा उचलून धरला: हिंदी कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या नव्या सरकारकडे हे संबंध संस्थानिकांच्या संमतीवाचून सोपवू नयेत. घरभाड्याच्या बोलीत सांगायचं तर मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नये.

हा नियम वाटतो तितका जुना नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तो उलटा आहे. करारात मनाई नसेल, तर भाडेकरूने आपला हक्क पोटभाड्याने द्यायला हरकत नाही, अशी त्यात तरतूद आहे. १९०२ च्या पट्ट्यातही मनाई नव्हती, उलट योग्य वाटेल तसा कारभार करण्याची मुभा होती. त्यामुळे इंग्रजांना हेका धरता आला असता. पण १९३५ च्या कायद्याने प्रांतांना पूर्ण स्वायत्तता येऊ घातली होती, संघराज्याचा बेत होता आणि त्यात सगळ्यात मोठं संस्थान हवं होतं. हैदराबादच्या वतीने गोलमेज परिषदांपासून सर अकबर हैदरी चिवटपणे बोलणी करत होते. अखेर मालकाची मर्जी सांभाळायचं ठरलं.

१९३५ च्या कायद्याचं ४७ वं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. वऱ्हाड निजामाच्या स्वामित्वाखाली आहे, हे ब्रिटिश पार्लमेंटने त्यात स्वच्छ नमूद केलं, आणि लगेच तो मध्यप्रांताशी जोडून ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असा एकच गव्हर्नरचा प्रांत मानला जाईल, असंही सांगितलं. त्यासाठी निजामाशी करार होणार होता. तो २४ ऑक्टोबर १९३६ रोजी झाला. संमतीच्या मोबदल्यात निजामाला मिळालं ते असं: २५ लाख चालू; किताब ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’; वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याशेजारी आपला झेंडा; गव्हर्नर नेमताना आपलं मत विचारलं जाण्याचा मान; आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी.

हा प्रिन्स ऑफ बेरार म्हणजे आझम जाह. त्याचा निकाह १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरी शेवटचा उस्मानी खलिफा अब्दुल मजीद याच्या मुलीशी, दुर्रुशेवारशी झाला होता. इस्तंबूलच्या राजवाड्यात वाढलेली ती मुलगी आता ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली. एलिचपूर, कारंजा, मूर्तिजापूर ज्या किताबात सामावली होती तो तिने २००६ साली लंडनला मृत्यू येईपर्यंत वागवला.

मालकाने लेखी परवानगी दिली आणि १९३७ च्या निवडणुका झाल्या. नागपूरला डॉ. ना. भा. खरे यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यात अमरावतीचे रामराव देशमुख आणि अकोल्याचे पु. ब. गोळे हे वऱ्हाडचे मंत्री होते. जागा निजामाची, पट्टा सम्राटाचा आणि फायलींवर सह्या गांधी टोपीवाल्यांच्या. हे चाललं कसं, असा प्रश्न पडतो. पण कापूस विकला जात होता, सारा भरला जात होता आणि झेंड्यांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

१९४७ मध्ये मूळ भाडेकरूने जायची तारीख जाहीर केली आणि सगळे कागद पुन्हा बाहेर आले. स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरची सर्वोच्च सत्ता आणि तिच्याशी झालेले तह संपणार होते. छत्तारीच्या नवाबाच्या नेतृत्वाखालचं हैदराबादचं शिष्टमंडळ जुलैत दिल्लीला आलं, तेव्हा वऱ्हाडची परतफेड त्यांच्या यादीत होती. युक्तिवाद कोणाही वकिलाला पटावा असा होता: मूळ पट्टा संपला की पोटभाडेकरूचा हक्कही संपतो. पण वहिवाट नावाची चीजही असते. वऱ्हाडात सत्ता होती नागपूरच्या निवडून आलेल्या मंत्रिमंडळाची. पोलीस, तहसील, कोर्ट, रेल्वे सगळं त्या बाजूला. त्या दिवसांत वऱ्हाडचे पुढारी निजामाच्या दाव्यापेक्षा आपलं पुढचं घर कोणतं या वादात जास्त गुंतले होते. संयुक्त महाराष्ट्र की महाविदर्भ यावर तोड काढणारा अकोला करार ८ ऑगस्ट १९४७ चा, स्वातंत्र्याच्या आधी एक आठवडा. ज्या जागेवर मालक ताबा सांगतोय तिथलीच माणसं शेजारच्याशी भिंतीचा करार करत बसली होती.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला आणि वऱ्हाडचा प्रश्न त्या पांघरुणाखाली गेला. पैनगंगेपलीकडून रझाकारांच्या बातम्या आणि निर्वासित येत होते. अलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी हैदराबाद स्टेट काँग्रेसची माणसं तळ देऊन होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. १९५० मध्ये उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, त्याला वर्षाला ५० लाखांचा तनखा बांधून मिळाला, आणि वऱ्हाड नव्या राज्यघटनेत मध्य प्रदेश राज्यात गेला. १९५६ मध्ये तिथून मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

मध्यप्रांत व वऱ्हाडचं ‘सी. पी. अँड बेरार’ हे इंग्रजी नाव मात्र एका अनपेक्षित जागी टिकून राहिलं. दुसऱ्या महायुद्धाने शहरांत घरांची टंचाई केली, तेव्हा त्या प्रांताने १९४६ मध्ये घरं भाड्याने देण्याबाबत कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये भाडे नियंत्रण आदेश काढला. प्रांत मोडला, राज्यं बदलली, पण विदर्भात तोच आदेश चालू राहिला. त्याचं १३ वं कलम घरमालकाला थेट नोटीस द्यायला मनाई करत असे. आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज, तिथे कारण सिद्ध करायचं, लेखी परवानगी मिळाली की नोटीस, मग दिवाणी दावा. कारणांच्या यादीत एक होतं: भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय घर किंवा घराचा भाग पोटभाड्याने दिला आहे. १८८२ चा कायदा इथे उलटा झाला होता, आणि त्यालाही कारण होतं. भाडं सरकारने गोठवलेलं. मालकाला जुना दर आणि भाडेकरू पोटभाडेकरूकडून चालू दर घेणार, हे कायद्याला मंजूर नव्हतं.

मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा वेगळा होता. तिथल्या पोटभाडेकरूंना आधी १९५९ मध्ये आणि पुढे १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख धरून संरक्षण मिळालं. अमरावतीच्या जवाहर रोडवरच्या किंवा अकोल्याच्या टिळक रोडवरच्या गाळ्यात बसलेल्या पोटभाडेकरूला त्या दुरुस्त्या लागूच नव्हत्या. त्याचा सगळा भरवसा एका गोष्टीवर: मालकाची परवानगी लेखी होती की तोंडी, आणि तोंडी असेल तर वर्षानुवर्षं त्याच्या हातून भाडं घेऊन मालक गप्प का बसला. रेंट कंट्रोलरसमोर या एका मुद्द्यावर पिढ्या खपल्या आहेत.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा साऱ्या राज्याला लागू झाला आणि सी. पी. अँड बेरारचा आदेश रद्द झाला. करारात मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवण्याला नव्या कायद्याच्या २६ व्या कलमानेही मनाईच आहे. जे अर्ज आणि दावे त्या तारखेला चालू होते ते जुन्याच कायद्याने पुढे चालावेत, अशी तरतूद ५८ व्या कलमात आहे. त्यामुळे दोन हजार सालानंतरही अमरावती-अकोल्याच्या कोर्टांत बेरारचं नाव छापलेल्या तरतुदीखाली पोटभाडेकरूंचे खटले चालत राहिले.